पोटखराब

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, ‘पोटखराब’. गट आपल्याच नावावर, पण त्यातला हा तुकडा पिकाच्या कामाचा नाही. मुरमाड माळ, खडक, नाल्याची कड. उताऱ्यावर त्याचं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं, जरा बाजूला, घरातल्या न कमावत्या काकासारखं. भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा काळ्या जमिनीसाठी मोजणीदार बोलावतात, डोकी फुटतात. पोटखराब ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे जातं.

मी एक अख्खा उन्हाळा या पोटखराबात चालण्यात घालवला आहे.

काम तसं साधं होतं. नागपूरच्या पश्चिमेकडून ४०० केव्हीची वीजवाहिनी जाणार होती. तिच्या आखलेल्या रेषेच्या दोन्ही अंगांना शंभर-शंभर मीटर पायी चालायचं, जमिनीवर काही जुनं दिसतंय का ते बघायचं, दिसलं तर जीपीएसवर नोंद करून नकाशावर टिंब टाकायचं. मी नुकतीच पुरातत्त्वात एम. ए. झाले होते, आणि ‘म्हणजे तू आता नेमकं काय करणार’ या घरातल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायची वेळ आली होती. पगार रोजावर. सोबत सर्व्हेची चार माणसं, कोन आणि अंतर मोजायचं एक टोटल स्टेशन, रेषा आखायचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे रेंजिंग रॉड, टॉवरच्या जागी ठोकायच्या खुंट्यांचं पोतं आणि पाण्याच्या दोन कॅन. सर्व्हेअर पन्नाशीचे होते, त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे, आणि मला सगळे ‘मॅडम’. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या पायातल्या सँडलकडे बघितलं आणि काही न बोलता पोराला बुटीबोरीच्या दुकानात बूट आणायला पाठवलं.

मला त्या रेषेवर का नेमलं होतं, ते आधी सांगायला हवं, कारण कायद्यानं मी तिथं असायची गरजच नव्हती. २००६च्या पर्यावरणीय परिणामांच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते, त्यांच्या यादीत वीजवाहिन्या नाहीत. वाटेत जंगल लागलं तर वनखात्याची परवानगी, संरक्षित स्मारक लागलं तर पुरातत्त्वाची. १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रण. हे झालं यादीतल्या स्मारकांचं. यादीत नसलेल्याचं काय? तर काही नाही. आमच्या प्रकल्पात परदेशी कर्ज होतं आणि कर्ज देणाऱ्यांच्या अटींत ‘सांस्कृतिक वारसा’ असा एक रकाना होता. तो रकाना भरणारी बाई म्हणजे मी.

आता नागपूरच्या आसपास यादीत नसलेलं इतकं काय आहे? गोटे आहेत. गोट्यांची वर्तुळं.

काटोल रोडवर नागपूरच्या वेशीबाहेरच जुनापाणी आहे, तिथं तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत आणि ती संरक्षित आहेत. दक्षिणेला टाकळघाट, पश्चिमेला माहुरझरी, उत्तरेला पेंच नदीच्या काठी नाईकुंड. ही सगळी लोहयुगातली दफनं, ढोबळमानानं इसवी सनापूर्वी १००० ते ३०० या काळातली. मोठमोठे ट्रॅपचे, म्हणजे काळ्या बेसाल्टचे, गोटे अर्धे जमिनीत रोवून केलेलं कडं, आत मुरूम आणि काळ्या चिकण मातीची भर, आणि त्या भरीच्या तळाशी माणूस. कधी पूर्ण, कधी नुसती काही हाडं. सोबत काळी-तांबडी भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या. माहुरझरीला १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात घोडे निघाले, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साज निघाले. नाईकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या भट्ट्यांच्या अडीच-तीन हजार वर्षं आधी या भागात कुणीतरी भाता मारत बसलं होतं. विद्यार्थिनी असताना मला ही तुलना फार आवडायची. उन्हात चालायला लागल्यावर ती सुचायची बंद झाली.

या वर्तुळांपायी एक माणूस गेला, ते मात्र रोज आठवायचं. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक. तो स्टीफन हिस्लॉप. मिशनरी, पण भूगर्भात आणि गोंडांच्या गाण्यांत जास्त रमलेला. ४ सप्टेंबर १८६३ला रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीनं तो टाकळघाटची वर्तुळं बघायला गेला होता. परतताना पाऊस झाला होता, बोरीकडचा नाला भरून आला होता, आणि हिस्लॉप त्यात बुडाला. त्यानंतर चार वर्षांनी रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यानं जुनापाणीला खणलं आणि १८७९ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. कार्नॅकला काही गोट्यांवर ओळीनं कोरलेले छोटे वाटीसारखे खळगे दिसले होते. ते आजही दिसतात. सकाळी सात-साडेसातला, ऊन तिरकं असताना. दहा वाजले की गोटा पुन्हा गोटा.

म्हणून आम्ही पहाटे निघायचो. एप्रिल हा या कामाचा खरा महिना. पावसाळ्यानंतर कुसळी गवत कमरेपर्यंत वाढतं, त्यात हत्ती बसला तरी दिसायचा नाही. एप्रिलमध्ये गवत जळून गेलेलं, पळस नुकता झडून गेलेला, जमीन उघडी. पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक ढीग वर्तुळ वाटायचा. शेतकरी नांगरताना निघालेले दगड बांधावर गोल रचतो, मेंढपाळ रात्रीपुरता गोल आडोसा करतो, कुठे जुन्या खळ्याचं कडं उरलेलं असतं. हळूहळू डोळ्याला कळायला लागलं. रचलेला दगड जमिनीवर बसलेला असतो, रोवलेला दगड जमिनीतून वर आलेला दिसतो. त्याच्या उघड्या बाजूवर दगडफुलाचे राखाडी चट्टे असतात. आणि कड्याच्या आतली जमीन किंचित उचललेली असते, फुगलेल्या भाकरीसारखी. साहेबांना मी हे समजावलं, तर ते म्हणाले, “म्हणजे लेव्हल घेतली तर सापडेल.” घेतली. सापडलं. पंचेचाळीस सेंटिमीटर. त्या दिवसापासून साहेब स्वतःच वर्तुळं शोधायला लागले, आणि मला पुढे पोचायच्या आत हाक मारायचे.

त्यांच्याकडून मी रेषा शिकले. वीजवाहिनी नकाशावर सरळ दिसते, पण ती कोनांनी बनते. जिथं दिशा बदलते तो अँगल पॉइंट. दोन कोनांमधले टॉवर नुसती तार झेलून धरणारे, अंगानं सडपातळ. कोनावरचा टॉवर ताण खाणारा, म्हणून जाडजूड. कोन पंधरा अंशांचा, तीस अंशांचा, साठ अंशांचा असेल तसं लोखंड वाढत जातं, पाया वाढत जातो, पैसा वाढत जातो. त्यामुळे रेषा शक्य तितकी कमी वाकवायची. पण वाकवावी लागते, कारण मधे गाव येतं, विहीर येते, शाळा येते, आणि काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यात सगळ्यांत अवघड गोष्ट येते, ती म्हणजे संत्र्याची बाग. एका झाडाचा मोबदला किती, यावर तहसीलदारांपुढे आठ-आठ महिने चालतं. टॉवरसाठी जमीन घेतली जात नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते, १८८५च्या टेलिग्राफ कायद्याचा हात धरून तार वरून जाते. मोबदला काय द्यायचा ते २०१५च्या केंद्राच्या सूचनांत आलं, टॉवरच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत. २०२४ साली ते २०० आणि ३० टक्के झालं. तरी बागवाला बाग देत नाही, आणि का द्यावी?

मग रेषा कुठं जाते? पोटखराबात. माळावर. मुरमात. तिथं भांडायला कुणी येत नाही, पाया पक्का बसतो, आणि उंचवट्यावर टॉवर असला की तार चारशे मीटरची झेप घेते.

आणि वर्तुळं कुठं आहेत? तिथंच. ती माणसंही शेतकरी होती, गुरं राखणारी होती. त्यांनी काळी कसायला ठेवली, नदीकाठी घरं बांधली आणि मेलेल्यांना पिकाच्या कामाची नसलेली उंच मुरमाड जमीन दिली. हे माझ्या डोक्यात एका दुपारी पळसाखाली डबा खाताना आलं. डाव्या हाताला माझ्या नोंदींचा नकाशा होता, उजव्या हाताला साहेबांच्या टॉवरच्या जागांचा, आणि दोन्हींवरची टिंबं एकमेकांच्या अंगावर बसत होती. अडीच-तीन हजार वर्षांच्या अंतरानं दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच हिशेबानं एकच जमीन निवडली होती. म्हणजे आमची गाठ पडली हा योगायोग नव्हता. रेषा आणखी कुठूनही नेली असती तरी ती वर्तुळांतूनच गेली असती.

त्या संध्याकाळी एका गावाजवळ (गावाचं नाव सांगत नाही, वर्तुळात धन असतं असं समजून रात्री खणणारे आजही आहेत) एक म्हातारे काकाजी बकऱ्या घेऊन आले आणि मी वाकून काय बघतेय ते बघत उभे राहिले.

“काय पाहून राहिली वं बाई?”

“गोटे पाहते जी काकाजी.”

“धनवाली हायेस का टावरवाली?”

“टावरवाली.”

“मंग खाली काहून पाहून राहिली? टावर तं वर रायते.”

साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. काकाजी हसले नाहीत. ते एका गोट्यावर बसले आणि त्यांनी सांगितलं की इथं गवळ्यांचं गाव होतं म्हणतात, हे त्यांच्या गाईंचे कोठे. त्यांच्या वडिलांनी यातला एकही गोटा हलवू दिला नव्हता. “गोटा हालवला का ढोर मरते म्हणे.” पण खरं कारण त्यांनी थोड्या वेळानं सांगितलं: “आन् हालवून करता काय? खाली मुरूमच हाय.” पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपेक्षा या वाक्यानं जास्त वर्तुळं वाचवली असतील असं माझं मत आहे. ती वाचली ती निरुपयोगीपणानं. रस्त्यांना खडी आणि मुरूम लागायला लागला तोवर.

त्या माळावर पाच वर्तुळं होती आणि साहेबांनी खुंटी मारलेल्या टॉवरचा एक पाय बरोबर तिसऱ्यात येत होता. टॉवरला चार पाय, प्रत्येक पायाला तीनेक मीटर खोल खड्डा. मी नोंद केली, साहेबांनी फोन केला, आणि दोन दिवसांत खुंटी रेषेतच अठ्ठावीस मीटर पुढे सरकली. इतकं सोपं होतं! कागदावर नुसता अलीकडचा गाळा, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, वाढला, पलीकडचा कमी झाला. खुंटी सरकवायला काही लागत नाही. काँक्रीट पडलं की काही सरकत नाही. मी अहवालात लिहिलं की प्रस्तावित बदलामुळे स्थळाला धोका उरलेला नाही. हे वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे.

पावसाळा संपल्यावर पायाची कामं सुरू झाली. माझं कंत्राट संपलेलं होतं, तरी डिसेंबरात एका रविवारी मी मैत्रिणीच्या स्कूटीवर बघायला गेले. टॉवर नव्या जागी उभा होता, अगदी ठरल्या ठिकाणी. बंगालकडून आलेली पोरं वर चढून लोखंड जोडत होती, खाली त्यांचा भात शिजत होता. तिसरं वर्तुळ सुरक्षित होतं. पहिलं आणि दुसरं नव्हतं.

झालं होतं असं, की टॉवर सरकला म्हणून त्याच्यापर्यंत जाणारी वाटही सरकली. सिमेंट, खडी, मिक्सर, लोखंडाच्या गाड्या, सगळं ट्रॅक्टरनं न्यायचं तर वाट हवी. जेसीबीनं माळावरून सरळ वाट काढली आणि ती दोन वर्तुळांतून गेली. मुरूम तर हाताशीच होता. आणि टॉवर उतारावर आल्यामुळे पायाची माती वाहू नये म्हणून खालच्या बाजूला दगडी भिंत बांधायची होती, रिव्हेटमेंट म्हणतात तिला. तिला गोटे लागतात. मोठे, टणक, ट्रॅपचे. मी भिंतीपाशी गेले. दुसऱ्या वर्तुळातला, खळग्यांच्या दोन ओळी असलेला गोटा मला माहीत होता, त्याचा फोटो माझ्या वहीला चिकटवलेला होता. तो भिंतीत खालून दुसऱ्या थरात होता. खळग्यांत सिमेंट भरलेलं.

कंत्राटदाराच्या माणसाला मी बोलले, बरंच बोलले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ड्रॉइंगवर टिंब होतं, त्याला हात नाही लावला.” बरोबर होतं त्याचं. मी टिंबं दिली होती. पाच वर्तुळांसाठी पाच टिंबं, तीही मधोमध. पाचही मिळून एक जागा आहे, तिच्याभोवती एक हद्द आहे, ही हद्द ओलांडून गाडी जायची नाही, हे मी कुठंही काढलं नव्हतं. मी टॉवरशी भांडत होते. टॉवर जागा खातो ती एका लहान घराएवढी. खरी जागा खाते ती वाट, आणि वाट कुणाच्याच नकाशावर नसते. ती ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यात असते आणि त्याला आम्ही कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढे मी आणखी दोन वाहिन्यांवर काम केलं. दोन्हींच्या वेळी मी आधी गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांबरोबर चहा घेतला.

याच कामाच्या निमित्तानं एक जुनी २२० केव्हीची लाइन बघायला गेले होते, शहराला लागून. नवी वाहिनी तिला समांतर नेता येईल का, असा विचार चालला होता. त्या बाजूला आता सगळे लेआउट. नागपूरच्या माणसाला लेआउट म्हणजे काय ते सांगायला नको: माळाचे तुकडे, पांढरे खांब, परवानग्या झाल्याचं सांगणारी ‘एनएटीपी, आरएल’ अशी मोठ्ठी पाटी, कमानीवर दोन सिंह. मी साठच्या दशकातल्या एका जुन्या नोंदीवरून या माळावर वर्तुळं असल्याचं ऐकून होते. लेआउटात एकही उरलं नव्हतं. डावीकडे ड्युप्लेक्स, उजवीकडे ड्युप्लेक्स. आणि मधे, तारांच्या खाली, ३५ मीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात, जिथं कुणाला घर बांधता येत नाही, तिथं एकामागोमाग एक सात वर्तुळं. गोटे जागच्या जागी. जणू कुणी पट्टी ठेवून बाकीचं खोडून काढलं होतं.

मी बराच वेळ त्या तारांखाली उभी राहिले. हिवाळ्यातली सकाळ होती, दव पडलं होतं, तारा चर्रचर्र करत होत्या. ज्या गोष्टीपासून मी वर्तुळं वाचवत फिरत होते, तिनंच ही सात वाचवली होती, तीही कुठल्याही अहवालाशिवाय. राग यावा की आभार मानावेत ते कळेना. मग विद्यापीठातल्या एका सरांना फोन केला, म्हटलं इथं न खणता चुंबकीय सर्वेक्षण करता येईल का, खाली लोखंड असेल तर उपकरणाला कळेल. सर म्हणाले, करता येईल, पण मॅग्नेटोमीटरला वरच्या तारा आणि बाजूचे टॉवर इतके ऐकू येतील की खालचं काही ऐकूच येणार नाही. म्हणजे तारा आहेत तोवर वर्तुळं आहेत, आणि तारा आहेत तोवर ती बोलायची नाहीत.

मागच्या वर्षी पुन्हा गेले. नवी वाहिनी दुसरीकडून गेली, जुनी अजून आहे. लेआउटवाल्यांनी तारांखालचा पट्टा आपल्या नकाशात ‘उद्यान’ म्हणून दाखवला आहे. मोकळी जागा सोडावीच लागते, ती अशी सोडली. जाळीचं फाटक आहे, दोन बाक आहेत, मुलांची घसरगुंडी नाही कारण वर तारा आहेत. सातांतली चार वर्तुळं मला सापडली. तीन गवतात आहेत. चौथ्याचे सगळे गोटे चुन्यानं पांढरे रंगवले आहेत, एकाआड एक गेरूचा लाल, आणि आत झेंडू लावला आहे. माळी पाइप धरून पाणी घालत होता. मी गोटे मोजायला लागले तसं त्यानं पाणी बाजूला वळवलं, माझे बूट भिजू नयेत म्हणून.

“हे गोटे कुठून आणले जी?” मी विचारलं, उगाच.

“आणले कुठचे मॅडम,” तो म्हणाला. “गोल आयताच भेटला.”